मोजल्याशिवाय न जाणारा माणूस

"कोन म्हनस?"

मी फोनवर एवढंच म्हणाले होते, की गच्चीवरच्या मशीनवर पंचावन्न दाखवतंय आणि नळाला पाणी मात्र गार येतंय. त्यावर पलीकडून हा प्रश्न. मी म्हटलं, "कोण म्हणजे? मशीन म्हणतंय."

"आणि मशीनला कोणी सांगितलं?"

बावीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईची गीझर दुरुस्त करणाऱ्या माणसाने अशी उलटतपासणी घ्यावी, हे मला मुळीच रुचलं नाही. पण पाणी गार होतं आणि गरज मला होती. "या, आणि तुम्हीच विचारा त्याला," असं म्हणून मी फोन ठेवला.

त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते एकदा नको त्या ठिकाणी लिहून झालं आहे, तेवढं पुरे. पण असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. भाजीवाल्याने तागडी उचलली की आधी रिकामी पारडी बघणारा. दवाखान्यात बसल्या बसल्या भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून पाहणारा, आणि ते दोन मिनिटं मागे आहे हे कंपाउंडरला उठून सांगणारा. अशा माणसांना आपण हसतो. मीही हसले.

ते मूळचे देवळ्याचे. नाशकात सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं नोकरी, तीही यंत्रांवर नाही, तर यंत्रांवरची मीटरं तपासायच्या खोलीत. त्या खोलीत म्हणे चपला काढून जावं लागायचं. देवघराबद्दल बोलावं तसं ते "आमच्या खोलीत" म्हणायचे. कारखाना बंद पडला आणि ते गीझर, सोलर, हीट पंप असली कामं करायला लागले. शर्ट इस्त्रीचा, खिशात दोन पेनं आणि लाकडी नळीत ठेवलेला काचेचा थर्मामीटर. शहरात राहून बोलणं बरंचसं शहरी झालं होतं, तेवढा एक "कोन म्हनस" मात्र अहिराणीतच राहिला होता.

आमचं इंदिरानगरमधलं रो-हाऊस. गच्चीवर पाण्याची टाकी आणि तिच्याशेजारी हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून पाणी तापवणारं मशीन. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा आम्ही ते बसवलं, कधीही नळ सोडला की गरम पाणी मिळावं म्हणून. त्यांना मीही आईच म्हणते. त्यांची डावी बाजू गेली होती, नुसती हलायची नाही असं नव्हे, तिला काही कळायचंच नाही. डाव्या पायात सुई टोचली तरी आई खिडकीबाहेर बघत राहायच्या. त्यात मधुमेह.

पहिल्या दिवशी आल्या आल्या ते म्हणाले, "बर्फ आहे का?"

पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. मी लिंबू सरबत करून वर नेलं. त्यांनी ते शांतपणे पिऊन टाकलं आणि ग्लासात उरलेले दोन खडे मला दाखवून म्हणाले, "एवढा नाय पुरायचा, मॅडम."

बर्फ सेन्सरसाठी हवा होता. टाकीच्या अंगात एक बारीक नळी असते, तिला ते खिसा म्हणायचे. त्या खिशात पेन्सिलीएवढ्या जाडीची तांब्याची एक टोपी सरकवलेली असते आणि तिच्यातून दोन वायरी मशीनकडे जातात. हाच सेन्सर. पाणी किती तापलंय हे तो मशीनला सांगतो आणि मशीन त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. त्यांनी तो खिशातून काढून स्टीलच्या पेल्यात, बर्फाच्या पाण्यात बुडवला. मशीनच्या पडद्यावर आकडा आला पन्नास.

"बघा," ते म्हणाले. "बर्फात बसलाय आणि म्हणतो, लय उकडतंय."

वायरीच्या जोडात पावसाचं पाणी शिरलं होतं. त्यांनी जोड तोडला, वाळवला, नव्याने बांधला आणि पुन्हा पेल्यात बुडवला. शून्य. मला वाटलं झालं काम. पण ते जाईनात. पाणी तापायला तीन तास लागणार होते आणि तापलेलं पाणी खालच्या नळाला स्वतःच्या थर्मामीटरने मोजल्याशिवाय ते कोणाच्याही घरून जात नसत. "थंडात खरं बोलणारा गरमात खोटं बोलू शकतो," म्हणाले. "दोनदा विचारायचं. आमच्या खोलीत तसंच होतं." हा धडा मी स्वतः वर्गात शिकवते, पण त्यासाठी तीन तास कोणाच्या घरी बसून राहिलेली नाही.

त्या तीन तासांत त्यांची आणि आईंची गाठ पडली. आई बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होत्या. त्या सटाण्याकडच्या. लग्न होऊन नाशकात आल्या तेव्हा सासरच्यांनी हसून हसून त्यांची अहिराणी बंद पाडली होती. मी घरात आल्यापासून तिचा एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. झटक्यानंतर तर बोलणंच कमी झालेलं. पाणी प्यायला ते खाली आले आणि सहज म्हणाले, "कशी शेस, माय?"

आईंनी मान वळवली.  मग म्हणाल्या, "बरी शे. ये, बठ."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला रडू आलं आणि थोडा रागही आला. सहा महिने मी त्यांना एकेक शब्द बोलतं करायला झटत होते आणि हा गीझरवाला येऊन दोन शब्दांत काम करून गेला. त्यानंतर ते सातपूरहून इकडे कोणाच्या कामाला आले की पाच मिनिटं आईंपाशी टेकून जायचे. दोघं काय बोलायचे ते मला निम्मंच कळायचं. बहुतेक कांद्याचं आणि पाण्याचं असावं.

आईंना सांभाळायला दिवसा मंगल येते, पेठकडची. कामाला चोख, पण अंघोळीचं पाणी किती गरम घ्यायचं यावरून आमचं रोज वाजायचं. शेवटी मी डोकं चालवलं. न्हाणीघरातल्या नळाची दांडी गरम आणि गारच्या मध्ये जिथे थांबवायची, तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. "इथपर्यंतच फिरवायचं, बास." या युक्तीवर मी फार खूश होते. ते आले तेव्हा त्यांना मुद्दाम नेऊन दाखवली.

ते ठिपक्याकडे वाकून बघत म्हणाले, "खूण नळाला केली, मॅडम. पाण्याला कुठं लागली?" मग मंगलकडे वळले. "बाई, कोपर लावत जा. बाळाला न्हाऊ घालताना लावतो तसं." मंगल हसून "बरं" म्हणाली. मी मात्र मनातल्या मनात म्हटलं, आता तुम्ही मला शिकवा.

आता फेब्रुवारीतली ती सकाळ सांगते. ती सांगायची म्हणूनच मी लिहायला बसले आहे.

थंडी अजून गेली नव्हती. आदल्या दिवशी मशीन बंद पडलं आणि पडद्यावर नुसतं बिघाडाचं चिन्ह लुकलुकत राहिलं. ते सकाळी आठलाच आले. सेन्सर पुरता गेला होता. त्यांनी नवा आणला होता. माझी गडबड चालली होती, कारण कॉलेजात बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि बाहेरचे परीक्षक दहाला यायचे होते. यजमान सातपूरला पहिल्या पाळीला गेलेले. सेन्सर तपासायला त्यांनी बर्फ मागितला. थंडीत कोणी बर्फ लावतं का? तेही मीच त्यांना ऐकवलं. ते कोपऱ्यावरच्या रसवंतीतून पिशवीभर घेऊन आले. बर्फात नवा सेन्सर शून्य म्हणाला. त्यांनी तो खिशात सरकवला, मशीन सुरू केलं. सव्वानऊ झाले होते.

"आता बसतो," ते म्हणाले. "सव्वाबारापर्यंत तापेल. मोजतो आणि जातो."

मी पर्स खांद्याला लावून दारात उभी. घरात आई आणि मंगल, दोघीच. मी नसताना एक परका पुरुष तीन तास घरात बसणार. हो, परका. चार महिने आईंना माय म्हणणारा माणूस त्या क्षणी मला परका वाटला. मी म्हणाले, "नाही, मी घरी नसताना नको थांबायला. तुम्ही संध्याकाळी या."

ते गच्चीच्या जिन्यात दोन पायऱ्या वर होते. त्यांनी हातातला थर्मामीटर लाकडी नळीत घातला, नळी खिशात ठेवली. चेहरा तसाच. फक्त खाली येताना आईंच्या खुर्चीकडे न बघता गेले. फाटकापाशी मी गाडी काढत होते तेव्हा जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मी मोजल्याशिवाय गरम नळ कोणी सोडायचा नाय. बाईंना तेवढं सांगून ठेवा."

"हो हो," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली. पुन्हा घरात जाऊन ते एक वाक्य सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुपारी एक वीसला प्रयोगशाळेत एक मुलगी गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर धरून उभी होती. "मॅडम, हा हलतच नाहीये," ती म्हणाली. मी बघितलं, तर थर्मामीटर पाण्याला टेकलाच नव्हता, वरच्या वर लोंबत होता. मी तिला म्हणाले, "अगं, आत बुडव की." आणि तिथेच मला सकाळचा न दिलेला निरोप आठवला. आईंची अंघोळ दीडच्या सुमाराला, ऊन न्हाणीघरात आलं की असते.

मी व्हरांड्यात येऊन मंगलला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मंगल अंघोळीच्या वेळी फोन स्वयंपाकघरात ठेवते, ओला होतो म्हणून. तसं मीच तिला बजावलं होतं. तिसऱ्यांदा लावत मी गाडीपर्यंत पोहोचले. परीक्षकांना काय सांगितलं ते आठवत नाही. मुंबई नाक्याला सिग्नल लागला. समोर आकडे उलटे मोजत होते, नव्वदपासून. मला एवढंच वाटत होतं, की आज मंगलला उशीर झालेला असू दे, आज आईंनी हट्ट केलेला असू दे, आज पाणी गेलेलं असू दे.

घरात शिरले तेव्हा आई पलंगावर होत्या, अंगावर कोरडं लुगडं. मंगल जमिनीवर बसून त्यांचा डावा पाय मांडीवर घेऊन रडत होती. पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता आणि बोटांवर कातडी सुटत होती.

झालं होतं ते असं. गच्चीपासून नळापर्यंतच्या पाइपात रात्रीचं गार पाणी साठलेलं असतं. मंगलने नळाची दांडी ठिपक्यापर्यंत फिरवली, आईंचे पाय टबात ठेवले, पहिल्या धारेला कोपर लावलं. गारच होतं. तापेल म्हणून ती टॉवेल आणायला गेली. टॉवेल दोरीवर होता, मागच्या अंगणात. तेवढ्यात पाइपातलं पाणी संपून टाकीतलं आलं, ते सरळ डाव्या पायावर. धार डावीकडे पडत होती. उजव्या पायाला चटका बसला तेव्हा आई ओरडल्या आणि तो त्यांनी उचलून घेतला. डावा त्यांना उचलता येत नव्हता आणि तो तिथे आहे हेही त्यांना कळत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाचा पाय आहे. पंधरा दिवस बघू. बोटं काळी पडायला लागली तर काढावी लागतील, आणि वर चढलं तर पाय."

संध्याकाळी पाचला ते ठरल्याप्रमाणे आले. यजमान तोवर घरी आले होते आणि मंगलवर तोंड सोडत होते. कामावरून काढतो, पोलिसांत देतो, असलं सगळं. ती भिंतीला टेकून "मी कोपर लावलं हो दादा, देवाशपथ, गार व्हतं," एवढंच म्हणत होती. ते दारात उभे राहिले. आईंचा बांधलेला पाय पाहिला. कोणाला काही न विचारता न्हाणीघरात गेले, नळ सोडला, थर्मामीटर धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग गच्चीवर गेले. मी मागून गेले. पडद्यावर पन्नास होतं. त्यांच्या थर्मामीटरवर अडुसष्ट.

त्यांनी सेन्सर ओढून काढला आणि टाकीच्या खिशात एक बारीक काडी घातली. काडी पूर्ण आत गेली नाही. त्यांनी ती टोकरली, तेव्हा पांढरे वाळलेले खडे बाहेर आले. ऊब नीट पोचावी म्हणून जुन्या सेन्सरला लावलेलं मलम तळाशी सुकून दगड झालं होतं. नवा सेन्सर त्या दगडाला टेकून दोन बोटं बाहेर राहिला होता. सकाळी टाकी आणि हवा दोन्ही थंड, म्हणून आकडा बरोबर वाटला. तापल्यावर तो अर्धा टाकीचं सांगत होता, अर्धा हवेचं. गरम पाणी एकदा मोजलं असतं तर लगेच कळलं असतं.

त्यांनी मशीनचं बटण पाडलं. काडी, खडे सगळं रुमालात बांधलं. मला वाटलं, आता ते माझ्याकडे बघतील आणि विचारतील. मी उत्तर जुळवत होते. ते काही न विचारता खाली गेले आणि यजमानांसमोर उभे राहिले.

"बाईंना बोलू नका, साहेब. चूक माझी आहे. मोजल्याशिवाय गेलो."

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होते. यजमान जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. ते मात्र सगळं खाली मान घालून ऐकून घेत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं: मीच त्यांना घालवलं, आणि त्यांचा निरोप मीच दिला नाही. जीभ टाळूला चिकटली, असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जीभ सैल होती. मी बोलले नाही.

जाताना ते म्हणाले, "मशीन चालू करू नका. कोणाकडूनही करून घ्या, पण आधी खिसा साफ करायला सांगा." यजमानांनी त्यांना पुन्हा दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं.

त्या रविवारी यजमानांनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकायला एक मेसेज लिहिला. या नावाच्या माणसाकडून कामं करून घेऊ नका, आमच्या आईचा पाय भाजला, वगैरे. माझ्यापुढे फोन धरून म्हणाले, "वाक्यं नीट आहेत का बघ." मी बघितली. एक वाक्य लांब झालं होतं, त्याची मी दोन केली. मग त्यांनी तो पाठवला. आमच्या आणि शेजारच्या दोन कॉलन्यांत त्या माणसाला काम देणारी तीस-पस्तीस घरं होती.

पुढचे पंधरा दिवस मी रोज सकाळी पट्टी सुटताना आईंच्या पायाकडे बघायचे. लाल असेल तर श्वास घ्यायचे. ते दर दोन दिवसांनी दुपारी यायचे, फाटकाबाहेर मोपेड लावून मंगलला हाक मारायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. मी कॉलेजला सुट्टी काढली होती, पडद्याआडून बघायचे. "बरी आहेत" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "रंग सांगा," ते म्हणायचे. "लाल का काळा? करंगळीपाशी कसा?" मंगल सांगायची. ते खिशातल्या डायरीत काहीतरी टिपून निघून जायचे. आतून आई विचारायच्या, "कोण आलंय?" मी म्हणायचे, "कोणी नाही."

तेराव्या दिवशी करंगळी काळी पडली. सोळाव्या दिवशी काढली. बाकी पाय राहिला.

दवाखान्यातून घरी आल्यावर मंगल भांडी घासता घासता सहज म्हणाली, "ते मोपेडवाले काका, लय भला माणूस, वहिनी. पहिल्यांदा आले तवा मला इचारलं, 'गरम नळ सोडू नका असं मॅडमनं तुम्हाला सांगितलं होतं का?' मी म्हटलं, मला तर कोणी काय नाय बोललं. तर जरा उभे ऱ्हायले आणि म्हणाले, 'मग असू द्या. कोणाला बोलू नका.'"

त्यांना पहिल्या दोन दिवसांतच सगळं कळलं होतं. कॉलनीतली कामं एकेक करून सुटत असताना, फाटकाबाहेर उभं राहून रंग विचारताना, सगळा वेळ त्यांना माहीत होतं.  मला स्वतःची इतकी किळस त्याआधी आणि त्यानंतर कधी आली नाही.

यजमान आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. चहा होईपर्यंत थांबले नाही. ते बराच वेळ बुटांच्या नाड्या हातात धरून बसले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "तो मेसेज वाचायला दिला होता मी तुला." मी म्हटलं, "हो." त्यांनी ग्रुपवर नवा मेसेज लिहिला. या वेळी माझ्यापुढे फोन धरला नाही.

मी सातपूरला त्या माणसाच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि पहिलं वाक्य, "टाके वाळले का?" मी सगळं बोलून टाकलं. माफी मागितली. ते ऐकत होते, पण मी काही नवीन सांगतेय असं त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

"तुम्ही जा म्हणालात, मॅडम," ते म्हणाले. "पण चाललो तर मीच ना. बाहेर फाटकापाशी बसायला मला कोणी नाय म्हटलं नव्हतं. राग आला मला. रागात गेलो. तीस वर्षांत तेवढं एकदाच गेलो."

मी म्हटलं, मशीन तसंच बंद आहे, येऊन चालू करून द्या. त्यांनी हत्यारांची पेटी दाखवली. ती बांधून ठेवलेली होती. ते देवळ्याला भावाकडे कायमचे चालले होते. "पण येतो," म्हणाले. "अर्धं काम सोडून कसा जाऊ?"

दुसऱ्या दिवशी ते आले. या वेळी मी बर्फ आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. त्यांनी खिसा घासून घासून साफ केला, काडी शेवटपर्यंत जाते हे मला दाखवलं, काडीवर खूण करून सेन्सर तेवढाच आत गेला का ते ताडलं. मग आम्ही दोघं न्हाणीघरात नळापाशी बसलो. त्यांनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. दर दहा मिनिटांनी मी आकडा वाचायचा आणि वर यजमानांनी गच्चीवरून पडद्यावरचा ओरडून सांगायचा. तीस, तीस. अडतीस, अडतीस. पंचेचाळीसला मी आकडा घाईने वाचला. ते म्हणाले, "सावकाश वाचा." पन्नासला वर मशीनचा पंखा थांबला. ते तरीही उठले नाहीत. पुढे चढत नाही याची खात्री व्हायला आणखी अर्धा तास बसून राहिले.

मग त्यांनी टबात पाणी घेतलं, गार मिसळलं, कोपर लावलं, थर्मामीटर बुडवला आणि आईंच्या खुर्चीपुढे आणून ठेवलं. खाली बसून त्यांनी आईंचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला. चार बोटांचा. करंगळीच्या जागी गुलाबी वण होता. आई वाकून बघत होत्या.

"कोमट शे का रे?" त्यांनी विचारलं.

"शे, माय."

मग आईंनी मान हलवली आणि त्यांनी पाय पाण्यात सोडला. ओंजळीने पाणी घेऊन ते घोट्यावर घालत राहिले.  नंतर ते मोपेडवर पेटी बांधून गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.

देवळ्याचा नंबर मी दोनदा लावला. एकदा भावाने उचलला, शेतात गेलाय म्हणाला. एकदा कोणी उचलला नाही. मशीन चांगलं चाललं आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी खाली नळाला मोजते आणि वर जाऊन बघते.

परवा दुपारी मी आईंना वरणभात भरवत होते. आजकाल उजवा हातही साथ देत नाही. मधेच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तो येत नाही आता."

"देवळ्याला गेलेत ते, आई."

"तू त्याला जा म्हणालीस ना त्या दिवशी. 'मी नसताना नको' म्हणालीस." शब्द सावकाश येत होते, पण चुकत नव्हते. "मी इथेच होते. ऐकलं मी."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. यजमान दारात उभे राहून त्यांना शिव्या देत होते, तेव्हाही आई याच खुर्चीत होत्या. पाय बांधलेला होता, तोंड मोकळं होतं.

"मग तेव्हा बोलला का नाहीत, आई?"

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं.

"घास तुझ्याच हातचा आहे ना मला," त्या म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.